लेखकाचे घर कोणाच्या हाती?

(चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



सेवाग्रामची बापूकुटी पाहून येणारा मनुष्य बहुधा तेथील साधेपणाविषयी बोलतो. बसण्याची चटई, लिहिण्याचे बुटके मेज, कंदील, चरखा यांचे वर्णन करतो. कुटीच्या छपराकडे मात्र फार थोड्यांचे लक्ष जाते. माती, बांबू, ताडाच्या झावळ्या आणि गावठी कवेलू यांचे ते घर आहे. असल्या घरात राहणाऱ्यांना त्याचे दुखणे सांगायला नको. पावसाळ्यापूर्वी कवेलू फेरावे लागतात, भिंती लिंपाव्या लागतात, जमीन सारवावी लागते, पोखरलेला बांबू काढून नवा घालावा लागतो. दोन-चार वर्षे हे काम कोणी केले नाही तर असे घर आपोआप मातीस मिळते. गांधीजी १९३६ साली तेव्हाच्या शेगावात राहावयास आले, मीराबेनसाठी बांधलेल्या झोपडीत पुढे त्यांचा मुक्काम झाला, आणि ती झोपडी ऐंशीहून अधिक पावसाळे सोसून उभी आहे, याचे श्रेय त्यांच्या पुण्याईइतकेच दरवर्षी कवेलू फेरणाऱ्या, सारवण करणाऱ्या अनामिक हातांना आहे. हे हात कोणी नेमले, त्यांची मजुरी कोणत्या खात्यातून निघते, काम चुकले तर जाब कोण कोणास विचारतो, हे प्रश्न भाविकास सुचत नाहीत. संघटनेत काम करणाऱ्या माणसास ते पहिल्यांदा सुचले पाहिजेत.

गांधीजींच्या कुटीला लेखकाचे घर म्हणणे कोणाला खटकेल. परंतु ज्यांच्या समग्र लेखनाचे इंग्रजीत शंभर खंड भरले, त्यांना लेखक म्हणावयास हरकत नसावी. १९७८ सालच्या जानेवारीत सेवाग्रामला भरलेल्या परिषदेत इव्हान इलिच यांनी याच कुटीवर भाषण केले होते. राहते घर आणि बांधलेली इमारत यांत काय अंतर असते, हे तेथे बसून त्यांना उमगले असे त्यांचे म्हणणे. ते भाषण जगभर वाचले गेले. त्याच आश्रमातून गांधीजींचा चष्मा नाहीसा झाल्याचे २०११ साली उघडकीस आले, आणि तो कित्येक महिने आधीच गेलेला होता असेही निष्पन्न झाले. चोरी कोठेही होऊ शकते, त्यासाठी कोणाला फासावर चढविण्याचे कारण नाही. पण वस्तू गेल्याचे कळावयास महिने लागावेत, याचा अर्थ असा की वस्तूंची मोजदाद ठरलेल्या दिवशी ठरलेल्या माणसाने करावी हा साधा नियम कोठेतरी ढिला पडला होता. भाताच्या गोदामातही असा नियम असतो.

शांतिनिकेतनचे उदाहरण याहून बोलके आहे. तेथे रवींद्रनाथांची घरे, वस्तू, हस्तलिखिते विश्वभारतीच्या ताब्यात आहेत, आणि विश्वभारती हे १९५१ पासून संसदेच्या कायद्याने चालणारे केंद्रीय विद्यापीठ आहे. म्हणजे मागे खुद्द भारत सरकार उभे. तरी २००४ सालच्या मार्चमध्ये उत्तरायणातील संग्रहालयातून नोबेल पदकच गेले. सीबीआयने तपास केला, पदक मिळाले नाही. नोबेल प्रतिष्ठानाने प्रतिकृती दिल्या, त्या आता आहेत. पुढे २०२३ साली युनेस्कोने शांतिनिकेतनचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश केला, तेव्हा विद्यापीठाने संगमरवरी फलक बसविले. त्यांवर कुलपती म्हणून पंतप्रधानांचे नाव होते, कुलगुरूंचे होते, रवींद्रनाथांचे नव्हते. ओरड झाली, निदर्शने झाली आणि फलक बदलावे लागले. ज्याच्या घराला वारसा म्हणावयाचे त्याचेच नाव फलकावरून सुटते, ही नजरचूक म्हणून सोडून देण्यासारखी गोष्ट नाही. फलक कोणाच्या टेबलावर मंजूर होतो, यावर त्यावर कोणाचे नाव येणार हे ठरते.

महाराष्ट्रातील लेखकांच्या घरांची स्थिती पाहिली तर मालकीचे तीन प्रकार दिसतात : घर कुटुंबाकडे राहते, सरकारकडे जाते किंवा एखाद्या संस्थेच्या हाती पडते. तिन्हींचे गुणदोष निरनिराळे आहेत, आणि एका प्रकारातून दुसऱ्यात जाताना जे हाल होतात ते सर्वांत वाईट.

कुटुंबाकडील घर म्हणजे दादरच्या हिंदू कॉलनीतील राजगृह. डॉ. आंबेडकरांनी ते बांधले तेच मुख्यतः ग्रंथांसाठी. आज तळमजला लोकांसाठी खुला आहे आणि वर कुटुंबाचे वास्तव्य आहे. राहते घर असल्यामुळे त्यात जीव आहे. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर येणारा खेडोपाडीचा माणूस तेथेही डोके टेकवून जातो, त्याला तिकिटाची खिडकी आडवी येत नाही. परंतु २०२० सालच्या जुलैत कोणा माथेफिरूने आवारात शिरून कुंड्यांची आणि काचांची नासधूस केली, तेव्हा लाखो लोकांच्या श्रद्धेचे ठिकाण राखण्याचा सगळा भार एका कुटुंबावर कसा पडतो हे दिसले. दुसरीकडे महात्मा फुल्यांचे पुण्यातील घर पाहावे. जेथे १८६८ साली अस्पृश्यांसाठी हौद खुला झाला, जेथे १८९० साली जोतीराव गेले, तेथील कुटुंब सावित्रीबाई आणि डॉ. यशवंत यांच्या मृत्यूनंतर देशोधडीला लागले आणि घर परक्या हाती गेले. 'गुलामगिरी' आणि 'शेतकऱ्याचा असूड' लिहिणाऱ्याच्या घराविषयी तेव्हाच्या विद्वान पुण्याला काडीचे सोयरसुतक नव्हते. कुटुंबाच्या प्रेमावर घर राहते हे खरे, पण कुटुंबाजवळ अन्नच नसेल तर त्या प्रेमाला घर विकावे लागते.

आज फुलेवाडा राज्य संरक्षित स्मारक आहे. सरकारने घर घेतले म्हणजे छप्पर गळत नाही, निदान गळू नये अशी अपेक्षा करता येते. संरक्षित स्मारकाला कायद्याचे कवच असते, त्याला कोणी बिल्डर हात लावू शकत नाही. हे मोठेच काम आहे, ते कमी लेखू नये. मात्र सरकारी स्मारकाचा प्राण उद्घाटनात असतो. विस्ताराची घोषणा होते, आजूबाजूच्या गरीब रहिवाशांच्या पुनर्वसनाचा प्रश्न उभा राहतो, वर्षे जातात. जोतीरावांच्या नावाने उठविल्या जाणाऱ्या कुटुंबांना कोठे वसवावयाचे, हा प्रश्न जोतीरावांनीच पहिल्यांदा विचारला असता. जवळच्या भिडेवाड्याची कथा ठाऊक आहेच. १८४८ साली मुलींची शाळा जेथे भरली ती वास्तू भाडेकरूंशी चाललेल्या न्यायालयीन वादात इतकी जीर्ण झाली की निकाल लागल्यावर २०२३ सालच्या डिसेंबरात ती पाडावीच लागली. आता तेथे जे होईल ते स्मारक असेल. वाडा असणार नाही.

लंडनचे प्रकरण तर संस्था चालविणाऱ्या प्रत्येकाने अभ्यासावे असे आहे. किंग हेन्रीज रोडवरील दहा क्रमांकाच्या घरात डॉ. आंबेडकर १९२१-२२ साली विद्यार्थी म्हणून राहिले. २०१५ साली महाराष्ट्र शासनाने तीस लाख पौंडांहून अधिक मोजून ते विकत घेतले, पंतप्रधानांच्या हस्ते उद्घाटनही झाले. राहते घर संग्रहालय करावयाचे तर तेथील नगरपालिकेची वापरबदलाची परवानगी लागते, ती मात्र आधी घेतलेली नव्हती. २०१८ साली कॅम्डन नगरपालिकेने ती नाकारली. शेजाऱ्यांच्या तक्रारी होत्या. पुढे अपील झाले, चौकशी झाली आणि मार्च २०२० मध्ये एकदाची परवानगी मिळाली. घर टिकले हे उत्तम झाले. परंतु आधी फीत कापावयाची आणि परवानगीचे मागाहून पाहावयाचे, ही मंत्रालयातील रीत साहेबाच्या देशात चालली नाही, एवढाच याचा बोध. येथे चालते, म्हणून येथील स्मारकांच्या जमिनींचे वाद पिढ्यान्‌पिढ्या कोर्टात पडून असतात.

अण्णाभाऊ साठे यांचे नाव घेतल्यावाचून पुढे जाता येणार नाही. 'फकिरा' लिहिणारा हा लेखक घाटकोपरच्या चिरागनगरात, झोपडपट्टीत राहिला. त्याच्या स्मारकाच्या घोषणा अनेक सरकारांनी केल्या. दगडी वाडा असता तर जतन करणे सोपे होते. झोपडी जतन कशी करावयाची, हे पुरातत्त्व खात्याच्या नियमांत बसत नाही. त्या शेकडो झोपड्यांतील एक निवडून तिच्याभोवती कठडा बांधला आणि शेजारच्या झोपडीतील कामगार उद्या काढून टाकला, तर अण्णाभाऊंचे स्मारक झाले असे म्हणावयाचे काय? श्रमिक लेखकाच्या घराचे जतन हा गृहनिर्माणाचा प्रश्न आहे, हे मान्य केल्याशिवाय त्याचे उत्तर सापडत नाही.

तिसरा प्रकार संस्थेचा. कोकणात मालगुंडला केशवसुतांचे घर आहे. १८६६ साली जन्मलेला, १९०५ साली प्लेगने गेलेला हा कवी मराठी कवितेचे वळण बदलून गेला, आणि त्याचे जन्मघर कितीतरी वर्षे उपेक्षेत होते. मधु मंगेश कर्णिकांच्या पुढाकाराने कोकण मराठी साहित्य परिषदेने ते हाती घेतले आणि १९९४ साली कुसुमाग्रजांच्या हस्ते स्मारक खुले झाले. गणपतीपुळ्याला जाणारा प्रवासी वाट वाकडी करून तेथे जातो. एका जिवंत साहित्य संस्थेने, जिच्या शाखा आहेत, जिचे मेळावे भरतात, घर चालवावे हा सर्वांत निरोगी मार्ग दिसतो. कारण घराची देखभाल हे अशा संस्थेचे एकमेव काम नसते. ज्या संस्थेला स्मारकाखेरीज दुसरे कामच नाही ती दहा वर्षांत पुण्यतिथी मंडळ होऊन बसते. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानाने तर पुस्तकांच्या पेट्या भरून त्या घराबाहेर काढल्या. 'ग्रंथ तुमच्या दारी' या योजनेतील पेट्या गावोगाव आणि परदेशातही पोहोचल्या. धानोरा किंवा एटापल्लीच्या वाचकाला नाशिकचे घर पाहावयास जाणे जमणार नाही, पेटी मात्र येऊ शकते.

संस्थेचा मार्ग निरोगी असला तरी रोगमुक्त नाही. येथे थोडे थांबावे लागेल, कारण कार्यकर्ते ज्या संस्था काढतात त्यांचा मृत्यू याच ठिकाणी होतो. महाराष्ट्रातील बहुतेक अशा संस्था १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदलेल्या असतात. नोंदणीच्या वेळी उत्साहात घटना तयार होते, ती बहुधा दुसऱ्या कोणत्या तरी संस्थेच्या घटनेची नक्कल असते. नऊ किंवा अकरा विश्वस्त, सर्व आजीव. पहिली दहा वर्षे बरी जातात. मग एक विश्वस्त वारतो, दुसरा मुलाकडे पुण्याला जातो, तिसरा रुसतो. रिकाम्या जागी नवा माणूस घेतला तर त्याची नोंद धर्मादाय आयुक्तांच्या कचेरीत करावी लागते. त्यासाठी नव्वद दिवसांत अर्ज द्यावयाचा असतो, ज्याला सगळे 'चेंज रिपोर्ट' म्हणतात. तो कोणी देत नाही, किंवा दिला तर रुसलेला विश्वस्त हरकत घेतो. प्रकरण पडून राहते. इकडे बँकेच्या खात्यावर सही करणारे दोघे, त्यांतला एक स्वर्गवासी. खात्यात पैसे आहेत, पण कवेलू फेरणाऱ्याला द्यावयास काढता येत नाहीत. विजेचे बिल थकते, मीटर कापले जाते, आणि पावसाळ्याच्या रात्री ओल्या भिंतीला टेकलेल्या कपाटात लेखकाची हस्तलिखिते वाळवी खात असते. कोणीही काहीही गैर केलेले नसते. फक्त एक कागद वेळेवर गेलेला नसतो.

याच कायद्यात चांगलेही आहे. नोंदलेल्या विश्वस्त संस्थेची स्थावर मालमत्ता धर्मादाय आयुक्तांच्या मंजुरीशिवाय विकता येत नाही, म्हणजे एखाद्या पिढीतील विश्वस्तांना मोह झाला तरी छत्तिसावे कलम त्यांच्या आड येते. दरवर्षी हिशेब तपासून घेणे सक्तीचे आहे. दुर्दैवाने हा तपासलेला हिशेब कचेरीत जातो, गावात येत नाही. ज्या घराच्या दारात त्याच घराचा वार्षिक जमाखर्च वाचता येईल अशा भाषेत लावलेला असेल, ते घर सहसा लुबाडले जात नाही. भिंतीवर लेखकाचे सुभाषित लावण्यासाठी जागा असते, तर जमाखर्चासाठीही असावी.

परदेशातील दोन घरांचे दाखले येथे उपयोगी पडतील. इंग्लंडात स्ट्रॅटफर्डला शेक्सपिअरचे जन्मघर १८४७ साली लिलावात निघाले. लोकांनी वर्गणी केली, डिकन्ससारखे लेखक त्यासाठी झटले आणि तीन हजार पौंडांना घर घेतले. पुढे १८९१ साली संसदेने कायदा करून त्याच्या विश्वस्त मंडळाला पक्के रूप दिले. वर्गणी लोकांची, कायदा संसदेचा आणि कारभार स्थानिक, असा हा मिलाफ आहे. दुसरे टॉलस्टॉयचे यास्नाया पोल्याना. १९२१ साली सोव्हिएत सरकारने ते राष्ट्रीय संपत्ती केले आणि देखभाल टॉलस्टॉयची कन्या अलेक्सांद्रा हिच्याकडे दिली. समाजवादी राज्याने लेखकाचे घर लोकांचे केले आणि ते त्याच्याच मुलीच्या हाती सोपवले, हे कौतुकास्पद होते. पण तिच्या स्वतंत्र बाण्याला त्या राज्यात जागा उरली नाही, १९२९ साली तिने देश सोडला. १९४१ साली जर्मन फौजांनी तेथे तळ ठोकला आणि जाताना आग लावली. कर्मचाऱ्यांनी ती विझविली. बहुतेक वस्तू आधीच सैबेरियात तोम्स्कला हलविलेल्या होत्या, आणि त्या पुढे परत आल्या. सोव्हिएत व्यवस्था कोसळल्यावर आजूबाजूची झाडे तुटू लागली, बेकायदा बांधकामे होऊ लागली, तेव्हा १९९४ साली टॉलस्टॉयच्याच वंशातील व्लादिमिर टॉलस्टॉय यांना संचालक नेमावे लागले. राष्ट्रीयीकरण झाले म्हणजे प्रश्न मिटला असे समजणाऱ्यांनी हा सत्तर वर्षांचा प्रवास डोळ्यांपुढे ठेवावा. मालकी लोकांची करणे हे निम्मेच काम आहे. कारभार लोकांचा करणे हे उरलेले निम्मे, आणि ते अधिक कठीण.

आता या जंगलाकडे वळू. बल्लारपूरचा कागद कारखाना १९४५ साली निघाला आणि चंद्रपूर-गडचिरोलीचा बांबू दशकानुदशके त्याच्या पोटात गेला. मराठी पुस्तकांपैकी कितीतरी त्या कागदावर छापली गेली असतील. ज्यांनी बांबू तोडला त्यांना पुस्तके मिळाली नाहीत, आणि बांबूची किंमतही मिळाली नाही. लेखकाच्या घराचा विचार करताना या भागातील कार्यकर्त्याला ही गोष्ट विसरता येत नाही. येथला लेखक कोण? १९५५ ची ग्रामगीता लिहिणाऱ्या तुकडोजी महाराजांचा या अरण्याशी संबंध जुना. १९४२ च्या ऑगस्टातील चिमूरच्या उठावामागे त्यांच्या भजनांची धग होती, त्यांना चंद्रपुरात अटकही झाली. त्यांची मुख्य स्मृती मोझरीच्या गुरुकुंजात आहे आणि गुरुदेव सेवा मंडळाच्या हाती आहे. वरोऱ्याजवळच्या आनंदवनात बाबा आमटे राहिले. 'ज्वाला आणि फुले' हा त्यांचा ग्रंथ १९६४ चा. २००८ साली ते गेल्यावर तेथील मातीतच त्यांना निजविले गेले. आनंदवन हे संग्रहालय नाही, तेथे माणसे राहतात, कष्ट करतात. त्यामुळे बाबांचे घर पाहणाऱ्याला आधी त्यांचे काम पाहावे लागते, हा क्रम योग्य आहे.

परंतु या दोन जिल्ह्यांतील बहुतेक रचनाकारांना घरच नाही, निदान पाटी लावण्याजोगे नाही. झाडीपट्टीच्या रंगभूमीवर दिवाळीपासून होळीपर्यंत रात्र-रात्र नाटके चालतात. वडसा हे त्यांचे केंद्र. परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली तेव्हा मुंबई-पुण्याच्या वृत्तपत्रांना या रंगभूमीची आठवण झाली. त्या नाटकांच्या संहिता कोठे आहेत? वह्यांमध्ये, पेट्यांमध्ये, एखाद्या नटाच्या माळ्यावर. दंडार आणि खडी गंमत यांची तर संहिताच नाही. गोंडी आणि माडिया बोलींतील गाणी व कथा ज्यांच्या तोंडी आहेत त्यांच्यावर लेखक असा शिक्का बसलेला नाही. म्हाताऱ्या माणसाच्या मरणाबरोबर येथे एक ग्रंथसंग्रह जळतो. अशा ठिकाणी एका लेखकाचे एक घर हा शहरी नमुना जसाच्या तसा आणण्यात अर्थ नाही. गडचिरोलीच्या गोंड गावात या गोष्टींसाठी पूर्वापार एक जागा आहे. ती म्हणजे गोटूल.

धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाने आपले मोडकळीस आलेले गोटूल पुन्हा उभारावयाचे ठरविले, तेव्हा जंगलातील लाकूड वापरले म्हणून वनखात्याने ते पाडले. आजूबाजूची गावे एक झाली आणि गोटुले पुन्हा उभी राहिली. ज्या इमारतीसाठी गाव भांडले ती इमारत सरकारी अनुदानाची वाट पाहत पडत नाही. याच गावाला २००९ साली वनहक्क कायद्याखाली सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, २०११ च्या एप्रिलमध्ये तेव्हाचे केंद्रीय वनमंत्री जयराम रमेश यांनी बांबूच्या वाहतूक परवान्यांचे पुस्तक गावाच्या हाती दिले, आणि २०१३ साली गावाने ग्रामदानाचा निर्णय घेतला. या घटना सर्वांना माहीत आहेत. येथे उपयोगाची आहे ती त्या गावाची कारभाराची रीत. निर्णय सर्वसहमतीने, ग्रामसभेतच. निर्णयापूर्वी अभ्यासगट, ज्यात बाहेरचा जाणकार येऊन बोलू शकतो, कायदा समजावून सांगू शकतो, पण निर्णयात त्याला हात नाही. लेखकाच्या घरासाठी याहून चांगली घटना शोधूनही सापडणार नाही. नागपूरचा प्राध्यापक, मुंबईचा संग्रहालयशास्त्रज्ञ, लेखकाचा नातेवाईक यांनी अभ्यासगटात यावे. घर सकाळी किती वाजता उघडावे, तिकीट असावे की नसावे, पाटी कोणत्या बोलीत असावी हे तेथल्या लोकांनी ठरवावे.

यावर आक्षेप आहेत आणि ते फेटाळून लावण्यासारखे नाहीत. सर्वसहमतीला वेळ लागतो. गावात बलवान कोण यावरही तथाकथित सहमती ठरते, बायका गप्प बसतात, भूमिहीन मागे बसतो. जुना कागद ओलीपासून कसा वाचवावा हे ज्ञान ग्रामसभेजवळ उपजत नसते. शिवाय प्रत्येक गाव मेंढा नसते, हे तर या जिल्ह्यांत फिरणाऱ्याला कोणी सांगावयास नको. तरीही आजीव विश्वस्तांचे मंडळ आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील समिती, जी जिल्हाधिकाऱ्यांच्या बदलीबरोबर विसरली जाते, या दोहोंपेक्षा ग्रामसभेची चूक लवकर दिसते आणि लवकर दुरुस्त होते. चूक करणारा रोज पाणवठ्यावर भेटतो.

पैशाचे एकच सांगणे. बांधकामाला अनुदान मिळते, आमदार निधी मिळतो, कारण त्यावर नाव लागते. पहारेकऱ्याच्या पगाराला, वाळवीच्या औषधाला, विजेच्या बिलाला मिळत नाही. म्हणून स्मारकाची वर्गणी गोळा करताना निम्मी रक्कम बांधकामाला न लावता ठेव म्हणून बाजूला ठेवावी, व्याजावर घर चालावे, आणि हे घटनेतच लिहावे. घराला १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली वाचनालय म्हणून नोंदविले तर वर्गानुसार थोडे वार्षिक अनुदान मिळते, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे घर रोज उघडावे लागते. शाळेची पोरे पुस्तकासाठी येतात, त्यांच्या येण्याजाण्याने घर जागे राहते.

शेवटी एक निकडीचे काम, आणि ते कोणत्याही स्मारकापेक्षा आधी करावयाचे आहे. या जिल्ह्यांत गेल्या सत्तर-ऐंशी वर्षांत ज्यांनी आंदोलने उभी केली, पत्रके लिहिली, भूमिहीनांच्या याद्या केल्या, जंगल सत्याग्रहांच्या आणि बेचाळीसच्या आठवणी नोंदविल्या, त्यांच्यापैकी अनेक जण गेले, बरेच थकले आहेत. त्यांचे कागद त्यांच्या घरांतील ट्रंकांत आहेत. मुले नोकरीनिमित्त बाहेर, सून घर साफ करताना रद्दीवाल्याला बोलावते, तिचा दोष नाही, त्या कागदांचे मोल तिला कोणी सांगितलेलेच नाही. त्या घरांची स्मारके होतील न होतील. कागद मात्र वाचविता येतात. तालुकावार दोन-दोन कार्यकर्त्यांनी घरोघर जावे, कुटुंबाच्या परवानगीने यादी करावी, कागद कुटुंबाचेच आहेत हे लेखी द्यावे, आणि मोबाइलवर का होईना प्रत्येक पानाचे छायाचित्र घ्यावे. यादीच्या तीन प्रती असाव्यात : एक कुटुंबाकडे, एक तालुक्याच्या वाचनालयात, एक जिल्ह्याच्या कार्यालयात. सिरोंचा, भामरागड, कोरची येथून सुरुवात व्हावी, कारण तेथे पाऊस लवकर वाटा बंद करतो. मे महिन्याच्या अखेरपर्यंत निदान या तीन तालुक्यांच्या याद्या हाती आल्या पाहिजेत. कोणत्या घरी कोण जाणार, हे आज येथून उठण्यापूर्वी ठरवावयाचे आहे.